विश्लेषण : ठसे लाकडाचे, प्रती दोनशे, मग ‘अस्सल’ कोणती? जपानी ‘बिजिन’ चित्रांच्या संग्राहकांपुढचा पेच

२४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपलने मॅकिंटॉश संगणक जगासमोर आणला. नऊ इंची कृष्णधवल पडदा, ५१२ बाय ३४२ पिक्सेल. या यंत्रावर चित्रही काढता येते हे दाखवण्यासाठी जे चित्र वापरले गेले, त्यात एक जपानी स्त्री आपले लांबसडक केस विंचरताना दिसते. डिझायनर सुझन केअर यांनी ते ठिपक्याठिपक्याने पडद्यावर उतरवले होते. मूळ चित्र १९२० मधले, हाशिगुची गोयो या चित्रकाराचे. नाव ‘कामिसुकी’, म्हणजे केस विंचरणे. स्टीव्ह जॉब्स अशा चित्रांचे संग्राहक होते आणि टोकियोच्या गिन्झा भागातील गॅलरीतून ती विकत घेत.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला संगणकाचा इतिहास शिकवताना सरांनी हा पडदा स्लाइडवर दाखवला होता. तेव्हापासून ती बाई डोक्यात राहिली. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात ती सापडली. वर्णनात लिहिले होते, ‘ओरिजिनल वुडब्लॉक प्रिंट, हाशिगुची गोयो, १९२०’. किंमत साधारण अठरा हजार रुपये, शिवाय टपाल आणि कस्टम्स. गोयोचे चित्र अठरा हजारांत! बोली लावली, जिंकली, ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

पार्सल आले. चित्र सुंदर होते, हाताने छापलेले होते, लाकडी ठशांवरूनच छापलेले होते. फक्त ते १९२० चे नव्हते आणि गोयोने ते कधी पाहिलेलेही नव्हते. विक्रेता खोटे बोलला का? यातला ‘ओरिजिनल’ हा शब्द नेमका कशाला लागतो, हे समजल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून हे विश्लेषण.

‘शिन-हांगा’ म्हणजे काय?

‘शिन’ म्हणजे नवी, ‘हांगा’ म्हणजे ठशावरून छापलेले चित्र. जपानमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात ‘उकियो-ए’ नावाची रंगीत छापचित्रे घरोघरी जात. उतामारो, होकुसाई, हिरोशिगे ही त्यातली मोठी नावे. मेइजी काळात फोटो, लिथोग्राफी आणि छापील मासिके आली आणि हा धंदा बसला.

वातानाबे शोझाबुरो (१८८५-१९६२) हा तरुणपणी जुनी छापचित्रे परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. परदेशी ग्राहकाला काय आवडते, हे त्याला नेमके कळले होते. पुढे तो स्वतः प्रकाशक झाला आणि जुन्या पद्धतीने, पण आजच्या चित्रकारांकडून नवी चित्रे करून घ्यायची असे त्याने ठरवले. १९१५ मध्ये त्याने आधी फ्रिट्झ कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकाराला आणि मग गोयोला हाताशी धरले. पुढच्या वर्षी इतो शिन्सुई नावाचा अठरा वर्षांचा मुलगा त्याला मिळाला. त्याचे ‘आरशासमोर’ हे चित्र १९१६ चे.

या चळवळीत निसर्गचित्रे भरपूर झाली. कावासे हासुई आणि योशिदा हिरोशी हे त्यातले दादा लोक. दुसरी मोठी शाखा ‘बिजिन-गा’, म्हणजे सुंदर स्त्रियांची चित्रे. न्हाणारी, आरशात पाहणारी, ओठ रंगवणारी, छत्री सावरणारी. आपला विषय ही दुसरी शाखा.

गोयो इतका दुर्मीळ का?

गोयोचे वातानाबेशी पटले नाही. १९१५ चे ‘न्हाण’ हे त्यांचे एकमेव एकत्र काम. छपाईचा दर्जा गोयोला पसंत पडला नाही. हा माणूस मुळात पुस्तकांच्या सजावटीतला. नात्सुमे सोसेकींच्या ‘मी मांजर आहे’ या गाजलेल्या कादंबरीची सजावट त्याची. मित्सुकोशी या दुकानाच्या जाहिरात-चित्रांच्या स्पर्धेत १९११ मध्ये पहिले बक्षीसही त्यालाच मिळाले होते. उतामारोच्या छापचित्रांचा त्याने अभ्यास केला होता. त्यामुळे रेष कशी कोरली जावी, याबद्दल तो हट्टी होता.

१९१८ पासून त्याने स्वतःच कारागीर ठेवले आणि स्वतःच्या नजरेखाली चित्रे छापून घ्यायला सुरुवात केली. १९२१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो वारला. हयातीत पुरी झालेली छापचित्रे जेमतेम चौदा! मागे रेखाटने राहिली होती. त्यातली काही त्याच्या घरच्यांनी पुढे ठशांवर चढवून छापली. म्हणजे ‘गोयोचे’ म्हणून बाजारात फिरणाऱ्या चित्रांचे इथेच दोन गट पडतात : त्याने पाहिलेली आणि त्याने न पाहिलेली. तिसरा गट माझ्या भिंतीवरचा. कित्येक दशकांनंतर दुसऱ्याच कुणी नवे ठसे कोरून काढलेल्या प्रती.

एक चित्र किती जणांचे?

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळा घोळ या प्रक्रियेत आहे.

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेषांचे चित्र काढतो. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवला जातो. कोरणारा कारागीर त्या कागदावरून, रेषा तेवढी ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकतो. काम संपते तेव्हा तो कागद नष्ट झालेला असतो! चित्रकाराच्या हातची ती रेष आता लाकडात असते, कागदावर नसते. आपण तैलचित्राबद्दल बोलताना ज्याला ‘मूळ चित्र’ म्हणतो, तशी वस्तू इथे शिल्लकच राहत नाही.

या मुख्य ठशावरून काही प्रती काढतात आणि त्यांच्या आधारे प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरतात. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच असते. तिला ‘केंतो’ म्हणतात. कागद दरवेळी याच खाचांत बसवायचा, म्हणजे रंग आपापल्या जागी पडतात. ऑफसेट छपाईतल्या ‘रजिस्ट्रेशन मार्क’चाच हा लाकडी पूर्वज. ओलसर कागद ठशावर ठेवून मागून ‘बारेन’ नावाच्या चपट्या, गोल गादीने घासायचे. एका चित्रासाठी हे वीस-तीस वेळा होऊ शकते, आणि शेवटच्या वेळी जरी कागद सरकला तरी सगळे वाया.

बिजिन चित्रात सर्वात अवघड जागा म्हणजे कपाळाची केसरेषा. तिथे एकेक केस सुटा दिसायला हवा आणि लाकडात तो उठावाने ठेवायचा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे लाकूड काढून मध्ये केसाएवढी भिंत उभी ठेवायची. हे काम कारखान्यातल्या सर्वात मुरलेल्या हाताकडे जाई. पार्श्वभूमीला अभ्रकाची पूड लावली की चित्र हलवताच चांदीसारखी झाक मारते. शिंपल्याच्या भुकटीपासून केलेला पांढरा रंग, किमोनोच्या कापडावर रंगाशिवाय नुसत्या दाबाने उठवलेली नक्षी. फोनच्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

गोयोसाठी ताकानो शिचिनोसुके हा कोरणारा आणि सोमेकावा कांझो हा छापणारा, असे कारागीर राबले. सही आणि शिक्का मात्र चित्रकाराचा, आणि बहुतेकदा प्रकाशकाचा. यावर त्याच काळात जपानमध्ये आक्षेप घेतला गेला होता. ‘सोसाकु-हांगा’वाले चित्रकार म्हणत, चित्र स्वतः काढा, स्वतः कोरा, स्वतः छापा. त्यांच्या मते वातानाबेचा कारखाना म्हणजे जुनाच धंदा. मला त्यांचा मुद्दा पटतो. पण तीस छाप बिनचूक बसवणारा माणूस पाहिला की कारखान्याची बाजूही पटते.

मग ‘अस्सल’ प्रत कोणती?

म्हणून संग्राहक ‘हे अस्सल आहे का?’ असे विचारतच नाहीत. ते तीन प्रश्न विचारतात. ठसे कोणते, मूळचे की नव्याने कोरलेले? छापले कधी, चित्रकार हयात असताना की नंतर? आणि कुणी छापून घेतले?

मूळ ठसे, चित्रकार हयात, प्रकाशक तोच : ही पहिल्या दर्जाची प्रत. मूळ ठसे, पण छपाई नंतरची : ही नंतरची आवृत्ती. वातानाबेचे दुकान आजही गिन्झात आहे आणि तिथे अशा आवृत्त्या मिळतात. ही फसवणूक नव्हे. तिसरी पायरी नव्या ठशांवरून काढलेली पुनर्निर्मिती. हीसुद्धा हाताने कोरलेली आणि हाताने छापलेली असते, म्हणूनच तिला ‘ओरिजिनल वुडब्लॉक प्रिंट’ म्हणता येते. शब्द खरा, पण ‘ओरिजिनल’ हे विशेषण छपाईच्या पद्धतीला लागलेले, गोयोला नाही. चौथी पायरी साध्या ऑफसेट छपाईची, म्हणजे पोस्टर.

पहिल्या आणि तिसऱ्या पायरीतला भाव हजारो डॉलर विरुद्ध काहीशे डॉलर, असा असतो. माझ्या विक्रेत्याने पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘आफ्टर गोयो’ असेही लिहिले होते. या धंद्यात ‘आफ्टर’ म्हणजे ‘च्या चित्रावरून’. मी ते वाचले होते. ‘गोयोनंतरचा काळ’ असा काहीतरी अर्थ लावून पुढे गेलो होतो.

भूकंप आणि बंदी यांचा भावाशी काय संबंध?

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामाला मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ आगी लागल्या. वातानाबेचे दुकान, ठसे आणि छापून ठेवलेला माल जळून गेला. त्यामुळे त्याच्या मालातील ‘भूकंपापूर्वीची’ प्रत हा वेगळाच वर्ग झाला. शिन्सुईची ‘नव्या सौंदर्यवतींची बारा रूपे’ ही मालिका १९२२-२३ ची, प्रत्येकी दोनशे प्रतींची. त्यातल्या किती घरांत, किती दुकानांत होत्या आणि किती जळाल्या, यावर आजची टंचाई ठरते.

विशेष म्हणजे भूकंपानंतर वातानाबेने पुन्हा उभे राहताना परदेशी बाजारावर आणखी भर दिला. १९३० आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो कला संग्रहालयात या चित्रांची मोठी प्रदर्शने झाली. पहिल्यात दहा चित्रकारांची तीनशेहून अधिक चित्रे होती. त्या प्रदर्शनामागे असलेले योशिदा हिरोशी त्याच सुमारास भारतात येऊन गेले आणि त्यांनी ताजमहालासह वेरूळच्या कैलास लेण्याचेही छापचित्र केले. शिन-हांगाचा महाराष्ट्राशी असलेला धागा तो. ते बिजिन नव्हे, पण छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकन संग्राहक रॉबर्ट मुलर यांनी १९३० च्या दशकात, विद्यार्थी असताना, ही चित्रे जमवायला सुरुवात केली. १९४० मध्ये मधुचंद्रासाठी ते जपानला गेले आणि तिथेही चित्रेच विकत घेत फिरले. २००३ मध्ये ते गेले तेव्हा चार हजारांहून अधिक चित्रे त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधील सॅकलर गॅलरीला दिलेली होती. आज शिन-हांगा अभ्यासायची तर हा संग्रह टाळता येत नाही.

बंदीचा किस्सा तोरी कोतोंदोचा (१९००-१९७६). काबुकी नाट्यगृहांचे फलक रंगवणाऱ्या जुन्या तोरी घराण्यातला हा चित्रकार. १९२७ ते १९३३ या काळात त्याने फक्त एकवीस बिजिन चित्रे केली. त्यातले ‘सकाळचे विस्कटलेले केस’ हे १९३० च्या सुमाराचे. झोपेतून नुकतीच उठलेली स्त्री, केसांच्या बटा सुटलेल्या. अंगावर सगळे कपडे आहेत. पण अधिकाऱ्यांना ते फार कामुक वाटले. शंभरपैकी सत्तर प्रती विकल्या गेल्यावर उरलेल्या नष्ट कराव्या लागल्या, असे सांगितले जाते. आज संग्राहक त्याच चित्राच्या मागे असतात. बंदी घालणाऱ्याने भाव वाढवून ठेवला.

चित्रांतल्या या स्त्रिया कोण?

हा प्रश्न संग्राहकांच्या गप्पांत कमी येतो आणि तो यायला हवा.

उतामारोच्या चित्रांत गणिका किंवा चहाच्या दुकानातली मुलगी अनेकदा नावानिशी असे. ती त्या काळची ‘सेलिब्रिटी’ होती. शिन-हांगात चेहरा जास्त खरा झाला, कारण गोयोसारखे चित्रकार समोर मॉडेल बसवून असंख्य रेखाटने करत. नाव मात्र गेले. चित्राला शीर्षक मिळते ‘पाऊस’, ‘पावडर’, ‘न्हाण’. ती एकटी असते, आपल्याच नादात असते आणि आपल्याकडे सहसा पाहत नाही. चित्रकार जवळपास सगळे पुरुष, प्रकाशक पुरुष आणि पलीकडचा ग्राहक बहुतेकदा जुन्या, निवांत जपानची आठवण विकत घेणारा परदेशी.

त्याच वर्षांत खऱ्या जपानमध्ये स्त्रिया गिरण्यांत, टेलिफोन एक्सचेंजमध्ये आणि कॅफेंमध्ये काम करत होत्या. आखूड केसांच्या, पाश्चात्त्य पोशाखातल्या मुलींना ‘मोगा’ म्हणत, म्हणजे ‘मॉडर्न गर्ल’. कोबायाकावा कियोशीच्या १९३० च्या ‘किंचित झिंगलेली’ या चित्रात ती सापडते. हातात सिगारेट, समोर मद्याचा पेला, आणि ती थेट आपल्याकडे बघत हसते आहे. मला विचाराल तर या सगळ्या शाखेत ती एकटी अशी आहे, जिच्याशी दोन शब्द बोलता येतील.

फोनवरून तपासणी होते का?

अर्धी होते. ‘उकियो-ए डॉट ऑर्ग’ हे संकेतस्थळ जॉन रेसिग या प्रोग्रामरने बनवले आहे. जेक्वेरी हे नाव वेब डेव्हलपर मित्रांना माहीत असेल, तोच हा. फोटो टाकला की अनेक संग्रहालयांतल्या त्याच चित्राच्या प्रती समोर येतात. मग झूम करून केसरेषा शेजारीशेजारी ठेवायची. ठसे तेच असतील तर बटांचे फाटे तंतोतंत जुळतात, लाकडाला गेलेला तडासुद्धा जुळतो. नव्याने कोरलेल्या ठशात कितीही कौशल्य असले तरी कुठेतरी एखादा केस वेगळ्या जागी वळतो. माझ्या प्रतीत तो डाव्या कानावर वळला होता. हे मी पार्सल आल्यावर तपासले. बोली लावण्याआधी तपासायला वीस मिनिटे लागली असती.

उरलेली अर्धी तपासणी वस्तू हातात असल्याशिवाय होत नाही, म्हणून विक्रेत्याकडे फोटो मागा. पहिला फोटो मागच्या बाजूचा. हाताच्या छपाईत रंग कागदात मुरून मागे उमटतो आणि बारेनच्या घासण्याच्या खुणा दिसतात. मर्यादित आवृत्तीची चिठ्ठी किंवा क्रमांकही अनेकदा मागेच असतो. दुसरा, भिंगातून काढलेला जवळचा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ते ऑफसेट आहे, चर्चा संपली. तिसरा, कडांच्या शिक्क्यांचा. वातानाबेने वेगवेगळ्या काळात वेगवेगळे शिक्के वापरले. युद्धापूर्वीच्या कित्येक प्रतींवर हक्क सांगणारा उभा लांबट शिक्का आहे, तर युद्धानंतरच्या प्रतींवर सुमारे सहा मिलिमीटरचा छोटा गोल. नुसत्या शिक्क्यावर भरवसा नको, कारण शिक्काही कोरता येतोच. चौथा, तिरप्या उजेडातला. अभ्रक आणि उठाव त्यातच दिसतात. हे फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

कडा कापलेल्या आहेत का, हेही पाहा. फ्रेममध्ये बसवण्यासाठी लोकांनी शिक्क्यांसकट कडा कापून टाकलेल्या असतात आणि किंमत तिथेच पडते.

भारतात मागवायचे तर?

कस्टम्सच्या वर्गवारीत मूळ हस्तमुद्रित चित्रांसाठी वेगळे शीर्षक आहे आणि साध्या छापील चित्रांसाठी वेगळे. विक्रेत्याने पाकिटावर ‘पोस्टर’ लिहिले की ‘आर्ट प्रिंट’, यावरून कुरिअर कंपनीशी वाद होऊ शकतो. बिल आणि वर्णन आधीच नीट मागून घ्यावे. शुल्क, जीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी आकार धरूनच बोली ठरवावी.

आणि मग पाऊस. कोझो या झुडपाच्या सालीचा हा कागद चिवट असतो, पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्यावर तांबूस डाग पडायला वेळ लागत नाही. बाहेरच्या भिंतीवर लावू नये. काचेला चिकटू देऊ नये. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट हवी. सेलोटेप आणि डिंक तर बिलकूल नको. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पातळ पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगले की पुढे कधीही सोडवता येते. उन्हात जांभळा आणि गुलाबी आधी उडतात.

आमच्या ठाण्याच्या घरात ‘कामिसुकी’ आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर आहे. फ्रेमच्या मागे लिहून ठेवले आहे : ‘हाशिगुची गोयो यांच्या १९२० च्या चित्रावरून, नंतर नव्याने कोरलेल्या ठशांची छपाई. कोरणारा आणि छापणारा, नावे माहीत नाहीत.’ जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती उतरवून सिलिका जेलच्या पुड्यांसह सपाट ठेवतो. आई म्हणते, खोट्या बाईची केवढी ती बडदास्त.